दोन किलो सातशे वीस ग्रॅम

वजनमापे खात्याच्या पश्चिम विभागात जे निरीक्षक होते, त्यांना बाजारपेठेत सगळे काटेसाहेब म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. किराणा दुकानाच्या पायरीवर त्यांचं पाऊल पडलं की मालक नोकराला हळूच म्हणायचा, "काटेसाहेब आले," आणि तागडीखाली चिकटवलेलं जे काही असेल ते आपोआप सुटून पडायचं. माणूस सरळ. दुकानदाराचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांच्या मते जगात काटे दोनच प्रकारचे, पडताळणी झालेले आणि संशयास्पद. माणसांचीही त्यांनी साधारण अशीच वाटणी केलेली होती.

अशा माणसाच्या सहा दिवसांच्या मुलीचं, चिमणीचं, वजन कमी भरलं.

मुख्य रस्त्यापलीकडच्या आरोग्य केंद्रात हा प्रकार घडला. लांबट खोली, भिंतीला लागून बाकं, बाकांवर बाळं घेतलेल्या आया, आणि टोकाच्या टेबलावर पांढऱ्या तबकाचा काटा. सिस्टरनी चिमणीचं दुपटं सोडलं, तिला तबकात ठेवलं आणि आकडा वाचला, "दोन किलो सातशे वीस."

"जन्माच्या वेळी दोन नऊशे ऐंशी होतं," काटेसाहेब म्हणाले.

"पहिले काही दिवस सगळ्यांचंच थोडं उतरतं. पण एव्हाना चढायला लागायला हवं होतं. हिचं अजून उतरतंय." सिस्टर बायकोकडे वळल्या. "पाजताना दुखतं का गं?"

बायकोने मान खाली घातली. दुखत होतं. इतकं दुखत होतं, की बाळ रडायला लागलं की तिच्या पायांची बोटं आपोआप आवळली जायची. पण हे इतक्या लोकांत बोलायचं कसं, म्हणून ती शब्द जुळवत होती. "चल, पडद्यामागे ये, पाजताना बघते मी," असं सिस्टर म्हणणार, तेवढ्यात काटेसाहेब टेबलाखाली वाकले.

"सिस्टर, ह्या काट्याची पडताळणी शेवटची कधी झाली?"

सिस्टर बावीस वर्षं ह्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांना आजवर बाळाचं नाव काय ठेवू, सुई दुखेल का, सगळं विचारून झालं होतं. हा प्रश्न नवा होता. "बाळाला ताप आहे का ते विचारा," त्या म्हणाल्या. मग काटेसाहेबांनी खिशातलं पेन टेबलावर आडवं ठेवलं. ते घरंगळत जाऊन खाली पडलं. टेबल तिरकं असल्याचं त्यांनी सिद्ध केलं. पेन गोल असल्याचं सिस्टरनी सिद्ध केलं. हा वाद मिटेपर्यंत चिमणी रडून रडून झोपली, रांग दारापर्यंत गेली, आणि बायको म्हणाली, "चल ना घरी. पाया पडते तुझ्या."

"सोमवारी आणा," सिस्टर मागून ओरडल्या. "तोवर चढलं नाही तर डॉक्टर दाखल करून घेतील. आणि पाजताना बघायचं राहिलंय—"

पण तोवर दार मिटलं होतं. पाच मिनिटांचं काम तीन दिवसांवर गेलं, आणि ते नेमकं कुणामुळे गेलं हे काटेसाहेबांच्या लक्षात यायलाही तेवढेच तीन दिवस लागले.

घरी सासूबाई, म्हणजे बायकोची आई, बाळंतपणासाठी येऊन राहिल्या होत्या. आणि वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत, त्या न बोलावता यायच्या. वजन उतरल्याची बातमी त्यांना जिन्यातच कळली, आणि त्या खुर्ची ओढून थेट मुद्द्यावर आल्या. "आई काय खाते ते आधी बघायला हवं. मी चार हजार मुलं हाताखालून घातली आहेत."

त्यातलं एकही सहा वर्षांच्या आतलं नव्हतं. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

सासूबाईंच्या मते कोबी, वाटाणे आणि डाळी खाल्ल्या की बाळाच्या पोटात वारा धरतो. मुख्याध्यापिकांच्या मते अंडं उष्ण, केळं थंड, दही आंबट आणि मासळीचं तर नावच काढायचं नाही. दोघींचं एकमेकींशी बिलकुल पटत नव्हतं. पटलं असतं तर एकच यादी झाली असती. न पटल्यामुळे एकीने जे चालेल म्हटलं, ते दुसरी हटकून बंद करायची. पालेभाजी शुक्रवारी दुपारी गेली. दूध शुक्रवारी संध्याकाळी गेलं. शनिवारी सकाळी पाण्यावरही बंधन आलं, कारण आई जास्त पाणी प्यायली की दूध पातळ होतं असा मुख्याध्यापिकांनी शोध लावला. शेवटी ताटात मऊ भात आणि भोपळ्याचं पाणी एवढंच उरलं, कारण त्यांच्याविरुद्ध दोघींनाही काही आठवेना.

"मला भूक लागलीय," बायको म्हणाली.

"ती खोटी भूक असते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "दुर्लक्ष करायचं."

काटेसाहेब ह्या चर्चेत पडले नाहीत. सगळे हवेत बोलतायत, हे त्यांना दिसत होतं. बाळाच्या पोटात एका वेळी दूध जातं किती? हे कुणी मोजलं होतं का? नव्हतं. पाजण्याआधी वजन करायचं, पाजल्यानंतर करायचं, वजाबाकी करायची. प्रश्न संपला. इतकी सोपी गोष्ट जगात कुणालाच सुचू नये याचं त्यांना नवल वाटलं, आणि थोडा अभिमानही. लागणार होता फक्त एक खात्रीचा काटा.

तो त्यांच्या कार्यालयात होता. काचेच्या कपाटात, मखमली खोळीत, एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा. बाहेर न्यायचा तर अर्ज भरायचा. अर्जात 'प्रयोजन' ह्या रकान्यात तीनच पर्याय छापलेले, तपासणी, दुरुस्ती आणि न्यायालयीन काम. साहेबांनी 'तपासणी'वर खूण केली. पुढचा रकाना होता 'मालाचा प्रकार'. तिथे त्यांचं पेन अडलं. भांडारातला कारकून उलट्या बाजूने वाचत होता.

"काय मोजणार आहात, साहेब?"

"मुलगी."

कारकुनाने खूप विचार केला. "मुलगी असा प्रकार आपल्याकडे नाही. धान्य, धातू, इंधन, नाशवंत. नाशवंतमध्ये टाकू?"

काटेसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. पण काटा घेतल्याशिवाय जाता येत नव्हतं. "टाका," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघत सही केली.

शनिवारी दुपारी काटा बैठकीच्या खोलीत मांडला गेला. तो इतका हळवा होता की पंख्याच्या वाऱ्याने आकडे पळायचे. म्हणून पंखा बंद. खिडकी बंद. सासूबाईंना दारात उभं राहून श्वास जपून घ्यायची सूचना झाली. मुख्याध्यापिका शिंकल्या तेव्हा चिमणीचं वजन अकरा ग्रॅमनी वाढलं, ते वहीतून खोडावं लागलं.

पाजण्याआधी दोन किलो सातशे पाच. बायको भिंतीला टेकून बसली, डोळे घट्ट मिटले आणि बाळाला जवळ घेतलं. चाळीस मिनिटं गेली. तिच्या कपाळावर घाम आला होता. चिमणी परत काट्यावर आली.

दोन किलो सातशे सात.

"दोन ग्रॅम?" काटेसाहेबांनी आकडा पुन्हा वाचला. "चाळीस मिनिटांत दोन ग्रॅम?"

दोन ग्रॅम म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढं. बायकोने पदर सावरला आणि म्हणाली, "पुन्हा बघ ना." त्यांनी पुन्हा बघितलं. तेवढंच.

पुढच्या वेळी तर पाजल्यानंतर वजन नऊ ग्रॅमनी घटलं. काटेसाहेबांनी गंभीरपणे वजाचं चिन्ह काढलं.

"म्हणजे काय?" बायकोचा आवाज चढला. "मी तिच्याकडून दूध परत काढून घेतलं?"

"तिने मधे लंगोट ओला केला," सासूबाई दारातून म्हणाल्या. "तो तुम्ही बदललात, जावईबापू, आणि कोरडा मोजलात."

चूक त्यांचीच होती. पण वहीत वजाचं चिन्ह तसंच राहिलं. खात्याच्या नियमाप्रमाणे एकदा घेतलेली नोंद खोडायची झाली तर कारण लिहावं लागतं, आणि ते कारण लिहायला त्यांचा हात धजेना. रविवारभर हेच चाललं. काटा मांडला की बायकोचे खांदे ताठ व्हायचे. खांदे ताठ झाले की बाळ तोंड फिरवायचं. बाळाने तोंड फिरवलं की मुख्याध्यापिका म्हणायच्या, "बघा, दूधच नाही." संध्याकाळी चिमणी रडायचीसुद्धा थांबली. ओठ हलवायची आणि पडून राहायची. ती शांतता काटेसाहेबांना सहन होईना. त्यांनी काटा खोळीत घातला, परत बाहेर काढला, परत घातला. ह्या यंत्रावर त्यांनी आयुष्यभर विश्वास ठेवला होता आणि ते त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतं.

सोमवारी आरोग्य केंद्रात चिमणी पांढऱ्या तबकात निजली. सिस्टरनी आकडा मनातल्या मनात वाचला, मग मोठ्याने. "दोन सहाशे नव्वद."

म्हणजे आणखी तीस ग्रॅम गेले. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलावते."

काटेसाहेबांच्या पायांखालची फरशी हलल्यासारखी झाली. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते पकडतो. त्यांच्या हाताला खातं लागलं. ते टेबलामागे वाकले, काट्याच्या पाठीवरची पडताळणीची छाप शोधली आणि ताठ उभे राहिले.

"पडताळणीची मुदत संपून अकरा महिने झालेत. हा काटा ग्राह्य नाही."

"मुलगी भुकेली आहे, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "काटा नाही."

पण बाकांवर खळबळ झाली होती. "म्हणजे माझ्या बाळाचंही चुकीचं मोजलं?" एक आई म्हणाली. "माझ्या पोराला परवा जाडा म्हणाले हो!" दुसरी म्हणाली. कोपऱ्यातली एक तर रडायलाच लागली, कारण तिच्या बाळाचं वजन छान वाढलं होतं आणि आता ते वाढलेलं राहतं की नाही हे तिला कळेना. आवाज ऐकून डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही निरीक्षक ना? मग नियमाने अशा वेळी काय करतात?"

"सील."

"मग करा. नाहीतर बाजूला व्हा, मला बाळ बघू द्या."

इथे शहाणा माणूस बाजूला झाला असता. पण तेरा आया बघत होत्या आणि काटेसाहेबांची मान ताठ झाली होती. त्यांनी पिशवीतून तार काढली, शिशाची गोळी काढली, चिमट्याने दाबली. कट् असा आवाज झाला. आरोग्य केंद्रातला एकमेव काटा बंद झाला. तेरा बाळांच्या तेरा आया, आणि मोजायला काहीच नाही.

"माझा काटा आणलाय," ते घाईने म्हणाले. "एका ग्रॅमचाही फरक दाखवतो."

"आमच्या रजिस्टरला तुमचा काटा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझ्या टेबलावर नोंद नसलेलं यंत्र चालत नाही. नियम." आणि त्या चिमणीला उचलून आत गेल्या.

साहेब व्हरांड्यात गेले आणि त्यांनी आपल्या वरिष्ठांना फोन लावला. सील काढायचा आदेश तोंडी मिळतो का, एवढंच विचारायचं होतं.

"कुठल्या आरोग्य केंद्रात आहात?" वरिष्ठांनी विचारलं.

त्यांनी सांगितलं.

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "रस्त्याच्या अलीकडे आपला पश्चिम विभाग. पलीकडे पूर्व. तुम्ही पलीकडे आहात. तुम्ही पूर्व विभागाचा काटा सील केलात?"

"हो साहेब."

"तुम्हाला तो अधिकारच नाही. म्हणजे ते सील बेकायदेशीर आहे."

"मग काढतो, साहेब."

"हात लावू नका! बेकायदेशीर असलं तरी खात्याचं सील आहे. तोडलंत तर गुन्हा होईल. पूर्वचे निरीक्षक काढतील. ते गुरुवारपर्यंत रजेवर आहेत." मग आवाज आणखी थंड झाला. "आणि कपाटातला काटा तुमच्याकडे दिसतोय. नाशवंत मालाच्या तपासणीसाठी. कसला नाशवंत माल हो?"

काटेसाहेबांनी खांद्यावरची पिशवी पाठीमागे सरकवली. उद्या लेखी खुलासा द्या, असं सांगून वरिष्ठांनी फोन ठेवला.

ते परत आले तेव्हा बाकांवरच्या आयांनी त्यांना वाट करून दिली, पण नजरा काही बऱ्या नव्हत्या. चिमणीला तपासून झालं होतं. डॉक्टरबाई दुसऱ्या बाळाकडे गेल्या होत्या. बायको कुठे दिसेना. मग टोकाच्या निळ्या पडद्यामागून तिचा आवाज आला आणि ते पडद्याबाहेर थबकले.

"कालपासून काय काय खाल्लंस?" सिस्टर विचारत होत्या.

"भात. आणि भोपळ्याचं पाणी."

"आणि?"

"भातच."

"कुणी सांगितलं हे? अंगावर पाजणाऱ्या बाईने दोन माणसांना ऊर्जा पुरवायची असते, आणि तू आजाऱ्याचं जेवण जेवतेयस! डाळी खा, अंडी खा, पालेभाज्या, फळं, दही, दूध, सगळं खा. तहान लागली की पाणी पी. बाळाला एखादी गोष्ट मानवली नाही असं खरंच दिसलं तर मला येऊन विचार. आधीच घाबरून सोडू नकोस. आणि दुखतंय का? खरं सांग."

बायको रडायला लागली. "खूप दुखतं. पण तो काटा घेऊन बाजूला उभा असतो, सिस्टर. दर वेळी आकडा सांगतो. मला वाटतं, मी परीक्षेला बसलेय आणि दर वेळी नापास होतेय."

पडद्याबाहेर काटेसाहेबांनी खांद्यावरची पिशवी हळूच जमिनीवर ठेवली. आयुष्यात शंभर दुकानदारांनी त्यांना शिव्या घातल्या असतील. एकही इतकी लागली नव्हती.

"बघ," सिस्टर म्हणत होत्या, "ती नुसतं टोक धरून ओढतेय. म्हणून दुखतं, आणि म्हणून तिला मिळतही नाही. तिचं पोट तुझ्या पोटाला लाव. असं. मान वळलेली नको. नाक समोर. आता थांब, घाई नको, तिला आ करू दे. मोठा आ. आता घे जवळ! हनुवटी टेकली पाहिजे. नाही जमलं? करंगळीने सोडव आणि परत."

तीनदा जमलं नाही. चौथ्यांदा बायको म्हणाली, "अगं बाई!" पण ह्या वेळी त्यात दुखणं नव्हतं.

"दुखतंय?"

"नाही."

"मग ऐक आता. बोलू नकोस."

पडद्यामागे शांतता झाली. काटेसाहेबही श्वास धरून उभे राहिले. आणि त्यांना ऐकू आलं. अगदी बारीक. गट्. मग थोडं थांबून पुन्हा, गट्. गट्.

"गिळतेय!" सिस्टर म्हणाल्या. मग आवाज चढवून, "बाहेर उभे आहात ते कळतंय मला, साहेब. या आत. ह्याला म्हणतात मोजणं."

ते आत गेले. चिमणीची हनुवटी लयीत हलत होती आणि एक मूठ बायकोच्या पदराला घट्ट धरून होती. ते बायकोच्या पायाशी स्टुलावर बसले.

"चुकलो गं," ते शेवटी म्हणाले.

"नंतर," बायको म्हणाली. "आता गप्प बस. ऐकू येत नाही."

डॉक्टरबाईंनी चिमणीला दाखल करून घेतलं नाही, पण सोडलंही नाही. दोन-तीन तासांत एकदा तरी पाजायचं, प्रत्येक वेळी त्यानंतर काढलेलं दूध चमच्याने द्यायचं, ओले लंगोट मोजायचे, दिवसात सहाच्या खाली गेले किंवा बाळ सुस्त वाटलं तर त्याच क्षणी यायचं, आणि गुरुवारी काही झालं तरी यायचं. काटेसाहेबांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. वजाचं चिन्ह असलेलं पान आधी फाडून खिशात टाकलं. पान फाडल्याचं कारण त्यांनी लिहिलं नाही.

घरी मुख्याध्यापिका खुर्चीत बसलेल्या होत्याच. सासूबाई मऊ भात घेऊन आल्या. बायकोने ताट बाजूला सारलं, फळांच्या टोपलीतलं केळं घेतलं आणि दोघींच्या देखत सोलून खाल्लं. मग दुसरं. मग म्हणाली, "आई, डाळ शिजव. घट्ट. आणि दोन अंडी उकड."

"अगं, पण वारा—" सासूबाई.

"उष्ण पडेल हो!" मुख्याध्यापिका.

काटेसाहेब मधे उभे राहिले. आजवर त्यांनी कुठल्याही वयस्क बाईला उलट उत्तर दिलं नव्हतं. "बाई," ते मुख्याध्यापिकांना म्हणाले, "ह्या घरात कुणी काय खायचं नाही, ते ह्यापुढे सिस्टर ठरवतील. तुम्हाला चहा चालेल का?"

मुख्याध्यापिकांना चहा चालला. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या, आणि डाळीत चमचा फिरवताना एकदा डोळे पुसून म्हणाल्या, "मलाही तिच्या वेळी असंच उपाशी ठेवलं होतं. मला वाटलं, असंच असतं."

तीन दिवस कठीण गेले. प्रत्येक वेळी काही जमायचंच असं नाही. मंगळवारी तर दोनदा सगळं पहिल्यासारखं बिघडलं, बायको रडली, आणि साहेब स्टुलावर बसून सिस्टरचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवत राहिले, "पोटाला पोट, नाक समोर, मोठा आ." मंगळवारी लंगोट पाच झाले. ते शूज घालून दारात उभे राहिले आणि तेवढ्यात सहावा झाला. बुधवारी आठ झाले. मधल्या वेळेत त्यांनी वरिष्ठांना खुलासा लिहिला. 'मुलगी नाशवंत नाही' असं एक वाक्य त्यात होतं, ते वरिष्ठांनी लाल शाईने अधोरेखित करून परत पाठवलं.

गुरुवारी पूर्व विभागाचे निरीक्षक रजेवरून थेट आरोग्य केंद्रात आले. त्यांनी सील तोडलं, आपली प्रमाण वजनं एकेक करून तबकात ठेवली आणि निकाल सांगितला. काटा बिनचूक होता. छापेची मुदत तेवढी संपली होती, एका ग्रॅमचाही फरक नव्हता. बाकांवरच्या आयांनी काटेसाहेबांकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं.

पहिला नंबर चिमणीचा. सिस्टरनी तिला तबकात ठेवलं. आकडे पळाले, थांबायला आले, परत पळाले, कारण तिने लाथ मारली. सगळं बाक पुढे झुकलं.

"दोन आठशे दहा," सिस्टर म्हणाल्या. "एकशे वीस वाढले."

बायको मटकन खाली बसली. मग उठून तिने चिमणीला गुंडाळलं आणि ती सरळ व्हरांड्यातल्या बाकावर गेली, कारण चिमणीने तोंड उघडून आपली मागणी सुरू केली होती. मोठा आ. पहिल्याच प्रयत्नात हनुवटी टेकली.

काटेसाहेब शेजारी बसले. त्यांनी डबा उघडला. उकडलेली अंडी, जाड पाव, गाजराच्या फोडी. बायकोचे दोन्ही हात बाळात गुंतलेले होते.

"आ कर," ते म्हणाले.

ती हसली आणि तिने आ केला. ती पाजत होती, ते भरवत होते. पूर्व विभागाचे निरीक्षक कागदाचं पॅड आणि पेन घेऊन समोर येऊन उभे राहिले.

"पंचनामा आहे. सील लावणाऱ्याची सही लागते. बेकायदेशीर सील आपणच लावलं, असं कबूल करायचं आहे. इथे, आणि इथे."

"करतो की," काटेसाहेब म्हणाले. त्यांच्या एका हातात गाजर होतं आणि दुसऱ्यात अंडं. "पण जरा बसा. हिचं अजून दीड अंडं राहिलंय."